काकापोची पैदास नेमकी कशी करतात: बेट साफ करण्यापासून पिल्लू रानात सोडेपर्यंत

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. काकापो हा न उडणारा पोपट पिंजऱ्यात पैदास करत नाही. आपल्याकडे लव्हबर्ड, बजरी पाळणाऱ्यांना वाटतं की नर-मादी एकत्र ठेवले, मडकं टांगलं, चांगलं खायला घातलं की महिन्यात अंडी दिसतात, पण इथे तसलं काही चालत नाही. हे पक्षी न्यूझीलंडच्या बेटांवर मोकळे राहतात आणि माणसांनी त्यांच्या मागे रानात जायचं, रात्री जागायच्या, त्यांच्या सोयीने स्वतःला वाकवायचं, अशी ही सगळी पद्धत आहे. १९९५ साली जगात फक्त ५१ काकापो उरले होते. २०२२ च्या हंगामानंतर आकडा २५२ वर गेला. मधल्या काळात काय काय केलं गेलं, कुठे चुकलं, ते क्रमाने लिहितेय. वेटरिनरी किंवा वन्यजीव शिकणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल, आणि तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी लोकांना तिथे व्हॉलंटियर म्हणून जायचं मनात असेल त्यांनाही.

नावाचं आधी सांगते. माओरी भाषेत काका म्हणजे पोपट आणि पो म्हणजे रात्र, म्हणजे हा रातपोपट. उडता येत नाही, शेवाळ्यासारखा हिरवा, नर सरासरी दोन किलोचा आणि कधी कधी चार किलोपर्यंत जातो, मादी दीड किलोच्या आतबाहेर. धोका दिसला की हा पळत नाही, जागच्या जागी थिजतो. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणीच नव्हता, शत्रू म्हणजे वरून डोळ्यांनी शोधणारे गरुड-ससाणे, त्यांच्यापुढे न हलणं हाच उत्तम बचाव होता. मग माणसांबरोबर कुत्री आली, उंदीर आले, नंतर मांजरं आणि स्टोट आले. स्टोट म्हणजे मुंगसासारखा लांबोडका शिकारी. ही जनावरं वासाने शिकार करतात आणि काकापोच्या अंगाला तर मधासारखा गोडसर कुबट वास येतो. थिजून बसलेला, वास मारणारा, न उडणारा पक्षी. पुढचं सांगायला नको.

आधी बेट, मग पक्षी

हे काम उलट्या क्रमाने केलं तर काय होतं ते शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच दिसलं होतं. १८९४ पासून रिचर्ड हेन्री नावाच्या रक्षकाने न्यूझीलंडच्या नैऋत्य टोकाच्या फिओर्डलँडमधल्या रिझोल्यूशन बेटावर शेकडो काकापो आणि किवी होडीतून नेऊन सोडले. त्या काळात एवढी दूरदृष्टी, एवढे कष्ट! आणि १९०० च्या सुमारास बेटावर स्टोट दिसला. तो पोहून आला होता. सगळी मेहनत पाण्यात गेली. मला हा प्रसंग वाचला की अजून पोटात कालवतं, कारण त्याचं काही चुकलं नव्हतं, फक्त स्टोट समुद्रात किती अंतर पोहू शकतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणून आता पहिली पायरी हीच, की किनाऱ्यापासून पुरेसं लांब बेट निवडायचं, त्यावरचा शेवटचा उंदीर, शेवटचं मांजर संपवायचं, आणि तरीही सापळे लावून ठेवायचेच. फेनुआ हौ, ज्याला कॉडफिश बेट पण म्हणतात, तिथले उंदीर १९९८ मध्ये संपवले, आणि त्यासाठी बेटावरचे काकापो आधी उचलून दुसऱ्या बेटावर नेऊन ठेवले, विष टाकून झाल्यावर परत आणले. अँकर बेटावरचे स्टोट २००१ च्या सुमारास काढले आणि २००५ मध्ये तिथे पक्षी सोडले. अर्धवट साफ केलेलं बेट हे साफ न केलेल्यापेक्षा वाईट, कारण तुम्ही बेसावध होता.

प्रत्येक पक्ष्याचं नाव, पाठीवर ट्रान्समीटर

सत्तरच्या दशकात फिओर्डलँडमध्ये सापडलेले सगळेच्या सगळे पक्षी नर निघाले. लोकांना वाटलं आता संपलं. १९७७ मध्ये दक्षिणेच्या स्टुअर्ट बेटावर, म्हणजे राकिउरावर, आणखी पक्षी सापडले आणि १९८० मध्ये तिथे माद्या असल्याचं कळलं. पण मांजरं त्यांना भराभर मारत होती, मग ऐंशीच्या दशकापासून तिथले पक्षी पकडून पकडून सुरक्षित बेटांवर हलवले.

तेव्हापासूनचा नियम म्हणजे एकही पक्षी नजरेआड नाही. प्रत्येकाला नाव, आणि पाठीवर दप्तरासारखा बांधलेला छोटा रेडिओ ट्रान्समीटर. वर्षातून साधारण एकदा प्रत्येकाला रानात शोधून पकडायचं, ट्रान्समीटर बदलायचा, वजन घ्यायचं, अंग तपासायचं, पट्टा पंखाखाली काचत नाही ना ते बघायचं. पट्टा घट्ट झाला तर जखम, सैल झाला तर पाय अडकतो. हे काम कंटाळवाणं वाटेल पण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे, कारण पुढे हाच ट्रान्समीटर सांगतो की मादीची हालचाल अचानक कमी झाली म्हणजे ती अंड्यांवर बसली. नरांच्या ट्रान्समीटरमध्ये तर कोणती मादी आली, किती वेळ थांबली, त्यावरून मिलन नीट झालं का, याचीही नोंद होते.

रिमूच्या फांद्या मोजा

काकापो दरवर्षी अंडी घालत नाही. दोन ते चार वर्षांनी एकदा, रिमू नावाच्या तिथल्या झाडांना भरघोस फळ धरतं तेव्हाच. आपल्याकडे आंब्याला एक वर्ष आड मोहोर येतो तसंच समजा, फक्त इथे अख्ख्या बेटावरची झाडं एकदम बहरतात आणि पक्षी त्यांच्याकडे बघून ठरवतो. रिमूच्या फळात कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी भरपूर असतं, आणि पिल्लांना आई तेच भरवते.

रिमूचं फळ पिकायला वर्षाहून जास्त लागतं, त्यामुळे हंगाम कधी येणार ते आधी कळतं. माणसं झाडांवरच्या फांद्यांची टोकं बघून मोजतात की किती टोकांना फळ धरलंय. साधारण १० टक्क्यांच्या वर गेलं की पैदाशीचा हंगाम येणार असं धरून चालायचं, आणि मग व्हॉलंटियर, इनक्युबेटर, हेलिकॉप्टर, खाद्य सगळ्याची जुळवाजुळव सुरू. कधी कधी फळ धरतं पण थंडीने पिकतच नाही, माद्यांनी तर अंडी घालून टाकलेली असतात, मग पिल्लं उपाशी. त्याची तयारी पण आधीच ठेवायची.

खाणं, आणि तिथे झालेली मोठी चूक

या पायरीवर जरा थांबा, कारण माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात महत्त्वाचा धडा इथे आहे.

१९८९ पासून पक्ष्यांना वरचं खाणं द्यायला सुरुवात झाली. विचार सरळ होता की मादी धष्टपुष्ट झाली की अंडी जास्त, पिल्लं जास्त. पण पिल्लं बघितली तर नरच जास्त निघायला लागले. आधीच नर भरपूर आणि माद्या मोजक्या, त्यात हे. कारण असं की काकापोचे नर एका जागी जमून आवाज देतात आणि त्यातल्या थोड्याच दणकट नरांना माद्या मिळतात, बाकीचे तसेच राहतात. म्हणजे आई चांगली पोसलेली असेल तर दणकट मुलगा तिचा वंश खूप वाढवू शकतो, आई बारीक असेल तर मुलगी बरी, कारण मुलीला अंडी घालायची संधी मिळतेच. निसर्गाचा हिशोब असा, आणि माणसं प्रेमाने खाऊ घालून तो हिशोब नरांकडे झुकवत होती.

मग पद्धत बदलली. खाणं बंद नाही केलं, ते मोजून द्यायला लागले. मिलनाच्या आधी मादीचं वजन साधारण दीड किलोच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, जी फार हडकुळी असेल तिला वाढवायचं, जी जाड असेल तिला आवरायचं, आणि अंडी घालून झाली, पिल्लं आली की मग तिला हवं तेवढं. त्यासाठी खाद्याची पेटीच अशी की झाकण कोणत्या पक्ष्यासाठी उघडायचं ते ट्रान्समीटरवरून ठरतं, आणि पेटीसमोर वजनकाटा, पक्षी खायला उभा राहिला की वजन आपोआप नोंदलं जातं. २००२ च्या हंगामात २४ पिल्लं जगली आणि त्यातल्या १५ माद्या होत्या. एका हंगामात संख्या ६२ वरून ८६ झाली. तुम्ही कुठल्याही प्राण्याच्या संवर्धनात काम करत असाल तर पहिले काही महिने फक्त वजनं लिहा आणि पिल्लांचं नर-मादी प्रमाण लिहा, मगच खाण्याचा डबा हातात घ्या.

नराचं मैदान

डिसेंबरच्या सुमारास नर डोंगराच्या माथ्याकडे चढतात, तिथे जमीन उकरून बशीसारखे खोलगट खड्डे करतात, त्यांना जोडणाऱ्या पायवाटा काडीकचरा उचलून साफ ठेवतात, आणि रात्र झाली की छाती फुगवून घुमायला लागतात. बूम, बूम, बूम, वीस-तीस वेळा, आणि मग एक तीक्ष्ण चिंग. बूम इतका खर्जातला असतो की लांबवर, वारा बरा असेल तर पाच किलोमीटरपर्यंत जातो, चिंग ऐकून मादीला नेमकी जागा कळते. रात्रीचे सात-आठ तास, असे दोन-तीन महिने. या काळात नराचं वजन चांगलंच उतरतं. माणसांनी इथे ढवळाढवळ करायची नाही, खड्ड्यांवर पाय ठेवायचा नाही, फक्त नोंदी बघायच्या. मिलन झालं की नराचं काम संपलं, अंडी-पिल्लं सगळं मादी एकटी बघते.

गाभ न धरणारी अंडी आणि कृत्रिम रेतन

काकापोची जवळजवळ निम्मी अंडी वांझ निघतात. रक्ताच्या नात्यातली पैदास हे त्याचं मोठं कारण, काही नरांचं वीर्यही कमकुवत. मादी दोन नरांशी किंवा दोनदा मिलन करते तेव्हा अंडी फळायची शक्यता वाढते हे नोंदींवरून दिसलं, म्हणून कृत्रिम रेतन मुख्यतः नैसर्गिक मिलनाच्या जोडीला करतात. आपल्या गावाकडे गाईम्हशींना रेतन करणारे डॉक्टर सगळ्यांना माहीत आहेत, तत्त्व तेच, पण इथे रात्री रानात नर शोधायचा, हलक्या हाताने मालिश करून थेंबभर वीर्य मिळवायचं, मायक्रोस्कोपखाली तपासायचं आणि मादीपर्यंत लगेच पोचवायचं. त्यातून पहिली पिल्लं २००९ मध्ये झाली. २०१९ मध्ये तर वीर्य ड्रोनने बेटाच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेलं, डोंगर चढउतार करत तासभर लागायचा ती वाट काही मिनिटांत. आपल्याकडे जैसलमेरला २०२४ मध्ये माळढोकाचं कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. आपल्या नान्नजच्या माळावर कधीकाळी कळपाने दिसणारा पक्षी आता इथपर्यंत आलाय, म्हणून मला वाटतं काकापोवाल्यांचा हा भाग आपल्या लोकांनी बारकाईने वाचायला हवा.

कोणता नर वापरायचा हेही मनात येईल तसं ठरत नाही. ब्लेड्स नावाच्या नराची इतकी पिल्लं झाली की त्याला पैदाशीतून बाहेर काढून दुसऱ्या बेटावर पाठवावं लागलं, नाहीतर सगळी पुढची पिढी एकमेकांची सावत्र भावंडं झाली असती. उलट फिओर्डलँडचा शेवटचा नर, ज्याला त्या जुन्या रक्षकाचंच रिचर्ड हेन्री हे नाव दिलं होतं, त्याची फ्लॉसी मादीपासून १९९८ मध्ये झालेली कुइआ, गलिव्हर आणि सिनबाद ही तीन पिल्लं सोन्यासारखी जपतात, कारण बाकी सगळे राकिउराचे वंशज. तो म्हातारा २०१० मध्ये गेला. २०१८ पर्यंतच्या जवळपास प्रत्येक पक्ष्याचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचलेला आहे, त्यामुळे जोड्यांचा विचार फक्त वंशावळीवर नाही, प्रत्यक्ष जनुकांवर होतो. २०२१ मध्ये जुन्या म्युझियममधल्या नमुन्यांशी तुलना केल्यावर एक दिलासा पण मिळाला, की राकिउराचे पक्षी हजारो वर्षं थोड्या संख्येने वेगळे राहिल्यामुळे त्यांच्यातले बरेच घातक दोष आपोआप गळून गेलेत.

घरटं आणि अंडी

मादी झाडाच्या ढोलीत, मुळांखाली, जमिनीलगत एक ते चार अंडी घालते, साधारण तीन दिवसांच्या अंतराने, आणि तीसेक दिवस उबवते. रोज रात्री तिला खायला बाहेर जावंच लागतं, आणि तेव्हा अंडी उघडी. ज्यांच्या घरी खुडूक कोंबडी रवणीला बसवलीय त्यांना कळेल, आमच्या आजी कोंबडी दाण्याला उठली की डालग्यावर गोणपाट टाकायच्या, अंडी निवू नयेत म्हणून. इथेही तेच, फक्त गोणपाटाऐवजी छोटी हीटिंग पॅड. घरट्याच्या तोंडाशी इन्फ्रारेडचा किरण लावलेला असतो, मादी बाहेर पडली की जवळच्या तंबूत घंटी वाजते, कॅमेऱ्यात दिसतं, राखण करणारा जाऊन पॅड ठेवतो आणि ती परतायच्या आत मागे हटतो. तंबू घरट्याच्या जवळ पण तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

धोका वाटला तर अंडी काढून इनक्युबेटरमध्ये ठेवतात आणि मादीखाली नकली अंडी. थ्रीडी प्रिंटरवर केलेली ही अंडी आता पिल्लासारखा आवाजही काढतात, म्हणजे पिल्लू परत ठेवायच्या आधी मादीची तयारी झालेली असते, नुसतं प्लॅस्टिकचं अंडं उबवून एकदम पिल्लू समोर आलं तर ती गोंधळते. अंडं टॉर्चच्या उजेडात धरून गाभ धरलाय का बघायचं, वांझ असेल तर लवकर ओळखायचं, कारण लवकर कळलं तर मादी पुन्हा मिलन करून दुसऱ्यांदा अंडी घालू शकते. पहिली अंडी काढून घेऊन मुद्दाम दुसऱ्यांदा घालायला लावायची युक्तीही वापरतात, पण रिमू भरपूर असेल तेव्हाच, एरवी मादीची झीज होते. अंडं उचलताना हलवायचं नाही, उलटं करायचं नाही, आणि हात स्वच्छ, कारण अंड्याचं कवच श्वास घेतं, घाण आत जाते.

पिल्लं

आई बहुतेक वेळा एक पिल्लू नीट वाढवते, चांगल्या वर्षी दोन. म्हणून पिल्लांची वाटणी करतात, जिच्याकडे जास्त तिच्याकडून काढून जिची अंडी वांझ निघाली तिच्याकडे. माद्या परकी पिल्लं बहुतेक स्वीकारतात. रात्री आई बाहेर गेली की पिल्लाचं वजन करायचं, आणि आकडा कालच्यापेक्षा कमी आला तर वाट बघायची नाही.

हाताने वाढवायची वेळ आली तर एकट्याला वाढवू नका, हे सिरोक्कोवरून शिकले लोक. १९९७ मध्ये जन्मलेला हा नर लहानपणी श्वासाच्या आजाराने पडला, माणसांनी एकट्याला वाढवला, जगला छान, पण स्वतःला माणसांतलाच समजायला लागला, माद्यांऐवजी माणसांपुढे घुमायला लागला. २०१० मध्ये तो काकापोचा सरकारी दूत झाला, लोकांसमोर आला आणि त्याच्यामुळे कितीतरी लोकांना हा पक्षी कळला, पण पैदाशीला त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून आता पिल्लं घोळक्यात वाढवतात आणि शक्य तितक्या लवकर रानातल्या घरट्यात परत ठेवतात. साधारण दहा आठवड्यांनी पिल्लू घरटं सोडतं, त्यानंतरही आई काही महिने भरवत राहते.

२०१९ चा हंगाम तोपर्यंतचा सगळ्यात मोठा, सत्तरच्या वर पिल्लं मोठी झाली, आणि त्याच वर्षी फेनुआ हौवर ॲस्परजिलोसिस नावाचा बुरशीचा फुप्फुसरोग पसरला. आजारी पक्षी हेलिकॉप्टरने मुख्य भूमीवरच्या प्राणी-इस्पितळांत नेले, कित्येक महिने औषधं दिली, तरी नऊ पक्षी गेले. त्याआधी २००४ मध्ये बेट बदलताना तीन तरुण पक्षी एरिसिपेलास या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराने गेले होते, तेव्हापासून लस देतात. आनंदाच्या हंगामात इस्पितळाच्या खाटा आधीच ठरवून ठेवा, हे शहाणपण त्यातून आलं.

पुढची जागा

बेटं आता भरत आलीत, नर एकमेकांशी भांडतात. २०२३ मध्ये जवळजवळ चाळीस वर्षांनी पहिल्यांदा मुख्य भूमीवर, माउंगातौतारी डोंगरावर चार नर सोडले. तिथे ४७ किलोमीटर लांबीचं कुंपण आहे, उंदीरही आत येत नाही असं. पण काकापो चढण्यात पटाईत, कुंपणावर कललेल्या झाडांवरून काही पक्षी बाहेर पडले, त्यांना शोधून आणावं लागलं. म्हणजे कुंपण बांधताना शत्रू आत येणार नाही एवढंच बघून भागत नाही, आपला पक्षी बाहेर जाणार नाही हेही बघायचं आणि कडेची झाडं छाटत राहायची. मोठं स्वप्न मात्र राकिउरा पुन्हा शिकारीमुक्त करायचं आहे, या पक्ष्यांचं मूळ घर. हे सगळं काम तिथलं सरकारी खातं न्गाई ताहू या माओरी समाजाबरोबर मिळून करतं, आणि बेटावर कोणी जायचं, पक्षी कुठे न्यायचा याचे निर्णय त्यांच्याशी बोलूनच होतात. पाहुण्याने तिथे गेल्यावर हे लक्षात ठेवायला हवं.

जायचंच असेल तर पक्षीशास्त्राची पदवी नसली तरी चालते, व्हॉलंटियरचं मुख्य काम खाद्याच्या पेट्या भरणं, म्हणजे चिखलातून, मुळांवरून, पावसात जड पाठपिशवी घेऊन दिवसभर चालणं. सहा महिने आधीपासून सह्याद्रीतल्यासारखे चढ असतील तिथे वजन घेऊन चालायला लागा. आणि सामान बांधायच्या आधी बूट ब्रशने घासा, खिसे उलटे करून झटका, जॅकेटच्या व्हेल्क्रोत अडकलेलं गवताचं एक एक बी चिमट्याने काढा, कारण दक्षिणेच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या क्वारंटाइनच्या खोलीत ते सगळं पुन्हा उघडून तपासतात.